आघात आता कानाला सापडू लागलाय

स्पॅनिश शिकताना गेल्या नोंदीत ज्या आघातापाशी, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर आहे ते कानाने ओळखण्यापाशी, अडलो होतो, तो घोळ अखेर सुटायला लागलाय. काल माझी कोलंबियाची संभाषणाच्या सरावाची पार्टनर बोलण्याच्या ओघात 'येगो तार्दे' म्हणाली, जोर 'गो'वर होता, आणि मला लगेच कळलं, उशिरा दुसरंच कोणीतरी आलं, ती स्वतःबद्दल बोलत नाहीये. परत विचारावं लागलं नाही. केवढा आनंद झाला!

त्रास कुठे होतो ते तुम्हाला माहीतच आहे. स्पॅनिशमध्ये कर्ता सर्रास गाळतात. मग 'आब्लो' म्हणजे 'मी बोलतो' की 'तो बोलला', हे जोर 'आ'वर आहे की 'ब्लो'वर, एवढ्यावरच ठरतं. 'तेर्मिनो'च्या तर तीन तऱ्हा: जोर 'तेर्'वर असेल तर 'संज्ञा', 'मि'वर असेल तर 'मी संपवतो', 'नो'वर असेल तर 'त्याने संपवलं'. छापील मजकुरात स्वरावरची तिरकी रेघ मदतीला असते, बोलण्यात ती कुठून येणार? मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. उच्चार देवनागरीत लिहून ठेवत असाल तर जोराच्या अक्षराखाली रेघ माराच, नाहीतर दोन्ही 'आब्लो' वहीत सारखेच दिसतात.

उपयोग झाला तो अँकीचा, म्हणजे कार्डांवरून उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपचा. फोर्वो या उच्चारांच्या साइटवर एकाच शब्दाचे निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी केलेले उच्चार मिळतात, ते कार्डांवर चढवले. पुढच्या बाजूला नुसता आवाज, अक्षर एकही नाही. उत्तर एवढंच, 'मी' की 'तो'. यंत्राचे आवाज डेकमधून, म्हणजे कार्डांच्या संचातून, काढून टाकले, मला ते फार सपाट वाटतात. स्वतः म्हणताना जोराचा स्वर किंचित लांबवतो आणि मांडीवर थाप देतो. पैसे भरून घेतलेल्या कोर्सात यावर जेमतेम एक परिच्छेद होता, याचा अजून राग येतो.

बाकी 'पेरो' (पण) आणि 'पेर्रो' (कुत्रा) मस्त जमतात, आपला 'र' कामी येतो.

आता इम्परफेक्तो, म्हणजे 'बोलत होतो' छापाचा भूतकाळ, घेणार होतो. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं, 'आब्लाबा' हे रूप 'मी' आणि 'तो' दोघांनाही तेच, तिथे आघाताचा काही उपयोग नाही. मग कान तापलेला असताना तो विषय कशाला? त्याआधी 'आब्ले'ची जोडी घेतो: जोर 'आ'वर असेल तर उस्तेदला, म्हणजे आदराच्या 'तुम्ही'ला, 'बोला', 'ब्ले'वर असेल तर 'मी बोललो'. बोगोताकडे उस्तेद भरपूर चालतं, म्हणजे कॉलवर लगेच कामाला येईल. अशा जोड्यांची पूर्ण वाक्यं कोणी रेकॉर्ड केली असतील तर नक्की पाठवा, सुटे शब्द आता पुरत नाहीत.