वाळूचा छेद

समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया बहुतेक ठिकाणी म्हणजे तळात ठोकलेली एकच प्रचंड पोलादी नळी. तिला मोनोपाइल म्हणतात. नव्या नळ्यांचा व्यास 8 ते 10 मीटरपर्यंत जातो. माझी पीएचडी या नळीभोवतीच्या वाळूवर आहे. वारा आणि लाटा मिळून पवनचक्कीच्या आयुष्यात नळीला कोट्यवधी आडवे धक्के देतात. पाडण्याइतका मोठा धक्का क्वचितच येतो, पण धक्का ओसरल्यावर नळी कणभर कललेली राहते आणि तो कल साठत जातो. पायाच्या डिझाइनमध्ये साधारण 0.5 अंशापर्यंतचा कायमचा कल चालवून घेतात, त्यातला निम्मा उभारणीतच संपू शकतो. 100 मीटर उंचीवर 0.5 अंश म्हणजे जवळपास 87 सेंटिमीटर.

नळीला वाळू किती प्रतिरोध करेल हे काढायचे जे जुने आलेख दशकानुदशकं वापरात राहिले, त्यांचं मूळ 1966 मध्ये टेक्सासच्या मस्टँग बेटावर झालेल्या चाचण्यांत आहे. तिथल्या नळ्यांचा व्यास होता 0.61 मीटर. एवढ्या आधारावर 8 मीटरची नळी उभी करायची, हे मला कायम अस्वस्थ करत आलं आहे.

त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या वाळूच्या टाकीत, छोट्या नमुना नळीवरची लांबलचक चाचणी संपली होती. तिच्यात भार दोन्ही बाजूंनी होता, पण असमान: पुढे पूर्ण ढकल, मागे थोडी कमी ओढ. साध्या विचाराने, उलटी ओढ मिळाली की नळी थोडी सरळ व्हायला हवी. प्रत्यक्षात ती फक्त एकाच बाजूने ढकललेल्या नळीपेक्षा कितीतरी जास्त कलली होती. लब्लांक, हौल्सबी आणि बर्न या संशोधकांनी 2010 मध्ये नेमकं हेच मांडलंय. तो शोधनिबंध मला पाठ होता, तरी स्वतःच्या टाकीत तो आलेख चढताना पाहून मी सगळे सेन्सर पुन्हा तपासले. सगळे ठीक होते.

मग छेद घ्यायचं ठरलं. वाळू भरतानाच मी मधे मधे रंगीत वाळूचे पातळ आडवे थर घातले होते. कोरडी वाळू कापता येत नाही, लगेच ढासळते. म्हणून टाकीत तळाकडून सावकाश पाणी चढवलं आणि निथळू दिलं. ओलसर वाळूत कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं, भिंत उभी राहते. पत्र्याने एकेक काप काढत नळीपर्यंत पोचायला दुपार उलटली.

लांबवरचे थर भरले तसेच सरळ होते. नळीजवळ मात्र वरचे थर खाली ओढले गेले होते, आणि नळीला अगदी लगटून रंगांची मिसळण झाली होती. कण नुसते दबले नव्हते. नळीच्या कडेने खाली उतरून पुढे बाहेरच्या बाजूला सरकले होते. घनता वाढली एवढंच मी तोवर धरून चाललो होतो. इथे वाळू चक्क वाहिली होती. उलट्या ओढीत नळीमागे जागा सुटते, तिथे कण घसरतात आणि नळीला परत येऊ देत नाहीत, असं मला ते थर बघून वाटलं. हे अजून सिद्ध करायचं आहे.

माझ्या मार्गदर्शक मॅडम आल्या, वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताठरपणाचा आलेख दाखव."

तो वर गेला होता. जुन्या पद्धती धरून चालतात की पुन्हापुन्हा बसणाऱ्या धक्क्यांनी वाळू मऊ होते. इथे ती ताठ होत गेली. ऐकायला चांगलं वाटतं, पण पवनचक्कीला ते सरसकट चांगलं नाही. पातं मिनिटाला 6 ते 12 फेऱ्या घेत असेल तर ती कंपनं 0.1 ते 0.2 हर्ट्झची, आणि तीन पाती मनोऱ्यासमोरून जाण्याची 0.3 ते 0.6 हर्ट्झची. मनोऱ्याची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे तो स्वतःहून ज्या गतीने डोलतो ती, 0.2 ते 0.3 मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत बसवतात, कारण पात्यांच्या कंपनांशी ती जुळली तर डोलणं वाढत जातं. पाया ताठ झाला की ती वर, 0.3 कडे सरकते.

"आणि तू भार एकाच रेषेत दिलायस," मॅडम म्हणाल्या. "वारा दिशा बदलतो तेव्हा ही वाळू काय करेल?"

आता नळीला ढकलणारा मोटरचा हात नळीभोवती फिरवता येईल अशी बैठक बनवायला दिली आहे.