इझाबेला बर्ड यांनी न लपवलेली चढाई

इंग्लिश प्रवासलेखिका इझाबेला बर्ड यांनी १८७३ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या कोलोरॅडोमधल्या लाँग्ज पीक या १४,२५९ फूट उंचीच्या शिखरावर केलेल्या चढाईचे वर्णन मी कितीतरी वेळा वाचले आहे, आणि दर वेळी मला त्यातला प्रांजळपणाच सर्वांत मोठा वाटतो. लहानपणापासून पाठीच्या दुखण्याने त्या बेजार होत्या आणि प्रकृतीसाठी प्रवास करा, हा डॉक्टरांचाच सल्ला होता.

वाटाड्या होता जिम न्यूजंट, अस्वलाच्या हल्ल्यात एक डोळा गमावलेला, सापळे लावणारा शिकारी. बरोबरच्या दोन तरुणांपैकी एकाने, बाईमाणूस म्हणजे धोक्याचे लोढणे, असे जवळजवळ तोंडावरच सुनावले, तेव्हा जिमने, या बाईंना न्यायचे नसेल तर मी वर जाणारच नाही, असे सांगून विषय मिटवला. बर्ड यांच्या पायांत दुसऱ्याचे मोठे, ढगळ बूट होते. सुदैवाने वाटेत कुणीतरी टाकून दिलेले लहान मापाचे वरबूट सापडले आणि ते जेमतेम त्या दिवसापुरते टिकले.

खरी चढण सुरू झाल्यावर त्यांचे पाय लटपटू लागले, उघड्या खडकावरून ते निसटू लागले, दोर बांधूनही उपयोग होईना. आपल्याला जिमने मालाच्या गठ्ठ्यासारखे निव्वळ मनगटाच्या जोरावर वर ओढून नेले, असे त्या स्वतःच लिहितात. शेवटचा पाचशे फुटांचा गुलाबी ग्रॅनाइटचा कडा चढायला एक तास लागला, कारण मिनिटा-दोन मिनिटांनी दम घ्यायला थांबावे लागत होते. उतरताना जिमने कधी हात धरून, कधी दोराने त्यांना ओढले, तर कधी स्वतःच्या हातापायांच्या पायऱ्या केल्या.

ही सारी हकिगत मुळात धाकटी बहीण हेन्रिएटा हिला लिहिलेल्या पत्रातली आहे, आणि माझ्या मते या वर्णनातला मोकळेपणा तिथूनच आला असावा, कारण बहिणीपुढे शौर्याचा आव आणण्याचे काहीच कारण नव्हते. पुढे १८७९ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी ती पत्रे पुस्तकरूपाने काढली, तेव्हाही गठ्ठ्याचा तो उल्लेख बर्ड यांनी गाळला नाही. १८९२ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ज्या पहिल्या काही स्त्रियांना सदस्यत्व दिले, त्यांत बर्ड होत्या.

शिखरावर या मंडळींनी आपली नावे आणि तारीख एका डब्यात घालून तो कपारीत ठेवला होता.