थंडीतही घाम? मग ते ऊन नसतं

आमच्या अमळनेरला मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की घामाबद्दल कोणी बोलतच नाही, पण मला डिसेंबरात शेतावरच्या भरीत पार्टीत घाम फुटला, सगळे स्वेटर घालून शेकोटीला बसलेले आणि मी एकटी पदराने वारा घेतेय. आत्या म्हणे, ती मिरचीनी आग शे. मीपण तेच धरून बसले, वर वजन कमी होतंय म्हणून खुश (मूर्खपणाच!). मग छातीत धडधड, हात थरथरायला लागले तेव्हा डॉक्टरांकडे गेले, त्यांनी आधी टीएसएच (थायरॉइड ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) करायला सांगितली. ती खूपच कमी आणि टी३, टी४ (थायरॉइडचे हार्मोन) वाढलेले, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतोय, शरीराचं इंजिन सतत रेसमध्ये.

डॉक्टरांनी विचारलं पाळी जातेय का, कारण तेव्हाही अशा वाफा येतात, डायबेटिसच्या गोळीने शुगर उतरली तरी दरदरून घाम सुटतो, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीपण. रात्री कपडे भिजतात, सोबत ताप-खोकला असेल तर टीबी तपासतात. नुसते तळहात-तळपायच लहानपणापासून ओले राहत असतील तर तो प्रकार वेगळा, त्यात झोपेत घाम बहुतेक थांबतो. आणि घामासोबत छातीत दुखलं तर रिपोर्टची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

माझ्या गोळ्या चालू आहेत, आत्या अजून मिरचीवरच अडलीय.