'कंटाळून' हे कोणी सांगितलं?

पत्रकारिता शिकताना पहिल्या सत्रात माझी एक कॉपी, म्हणजे लिहून दिलेली बातमी, परत आली तेव्हा सरांनी लाल पेनाने एकच शब्द गोल केलेला होता. 'कंटाळून'. बाजूला लिहिलं होतं, 'कोणी सांगितलं?'

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. विद्यापीठाचा संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग तिथे १९६४ पासूनचा. आम्ही कुणीच एवढं लांबलचक नाव घ्यायचो नाही, 'रानडे' म्हटलं की झालं. मी जिंतूरहून रातराणीने आले होते आणि बातमी कशी लिहायची हे आपल्याला घरूनच येतं, अशी माझी पक्की समजूत होती. बाबा एका दैनिकाचे तालुका वार्ताहर. सातवी-आठवीत असताना त्यांच्या हातच्या बातम्या फॅक्स करायला चौकातल्या दुकानात मीच जायचे. रांगेत उभं राहून त्या वाचायचे, पाठही व्हायच्या.

म्हणून वर्गातल्या सरावासाठी मी आमच्याच तालुक्यातली एका शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी घेतली, तपशील बाबांना फोन करून विचारले आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'कर्जबाजारीपणाला व नापिकीला कंटाळून...' दुसरं काही लिहिता येतं हे डोक्यातही आलं नाही. ही बातमी याच शब्दांनी सुरू होते, इतकंच मला माहीत होतं.

सर म्हणाले, "तो माणूस गेला. चिठ्ठी नाही, असं तूच लिहिलंयस. मग तो कंटाळला होता हे तुला कोण बोललं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काय, कोण, कुठे, कधी, का, कसे, हे सहा ककार पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्यांतला 'का' सगळ्यांत घातक, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीच्या पाचांची उत्तरं नोंदीत सापडतात. 'का'चं उत्तर कुणीतरी माणूसच देतो, आणि तो माणूस कोण हे लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला वाटतं की ते पेपरलाच ठाऊक आहे. त्यानंतर मी रोजचा पेपर पेन्सिल घेऊन वाचायला लागले. 'असे समजते.' 'असे बोलले जाते.' 'नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे.' 'परिसरात एकच खळबळ उडाली.' 'हळहळ व्यक्त होत आहे.' आपल्या मराठीत कर्ता न सांगता वाक्य पुरं करायची फार सोय आहे, आणि बातमीदार ती पुरेपूर वापरतो. समजतं कुणाला? बोलतं कोण? हळहळ व्यक्त करणारा एक तरी माणूस बातमीदाराला भेटला होता का?

(पत्रकारितेच्या इतिहासाच्या पेपरची तयारी करतानाही हा 'कोण' पाठ सोडेना. १८३२ चं 'दर्पण', बाळशास्त्री जांभेकर, ६ जानेवारी हे सगळं मला पाठ होतं, कारण त्या दिवशी तालुक्यात पत्रकार दिनाचा कार्यक्रम असतो आणि बाबांना हार मिळतो. पण १९०६ मध्ये नवऱ्याच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी 'दीनबंधू'चं संपादन हाती घेतलं आणि काही वर्षं ते पत्र चालवलं, हे मी पुण्यात येईपर्यंत ऐकलं नव्हतं. आमच्याकडच्या त्या कार्यक्रमात स्टेजवर बाई मी कधी पाहिली नव्हती.)

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले आणि बाबांना तोच प्रश्न विचारला. तुम्हाला कोणी सांगितलं?

"पोलीस ठाण्यातून," बाबा म्हणाले. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली की ठाणे अंमलदार फोनवर नाव, वय, गाव सांगायचा. रात्री आठच्या आत बातमी गेली नाही तर पान निघून जायचं. गाव तीस किलोमीटर. पेट्रोल स्वतःचं. दैनिकाकडून मिळणारं मानधन नावापुरतं होतं, घर चालायचं ते जाहिरातींच्या कमिशनवर; १५ ऑगस्टच्या आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या.

मग ते म्हणाले, "आणि 'कर्ज' मी मुद्दाम लिहितो. तो शब्द बातमीत नसला तर घरच्यांना पुढे जड जातं. लोक कात्रण जपून ठेवतात, तहसीलला घेऊन जातात."

हे सरांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. अशा शेतकऱ्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या सरकारच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी जिल्ह्याची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. त्यात जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कोणत्या संस्थेचं, हे कागदावर दाखवावं लागतं. कात्रणाने समितीपुढे काही सिद्ध होत नाही. पण ज्या बाईच्या हातात दुसरं काहीच नाही, तिला तेवढाही आधार वाटतो. बाबा वीस वर्षं तो एक शब्द दयेपोटी लिहीत आले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीवर त्या गावाला गेलो. घरात बायको, सासरे आणि दोन मुलं. सातबारा सासऱ्यांच्या नावावर. सोसायटीचं कर्जही त्यांच्याच नावावर. शेत मात्र गेलेला माणूस आणि त्याची बायकोच कसत होती. ती माझ्याशी फारसं बोलली नाही. तीन वर्षांत कापसाचे किती क्विंटल झाले ते तिने बोटांवर मोजून सांगितलं, आणि खासगी उसनवारी किती होती हे तिला नवऱ्याच्या माघारी, लोक मागायला आले तेव्हा कळलं, हेही. 'कंटाळून' हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही.

सुट्टीनंतर मी बातमी नव्याने लिहिली. 'कर्ज' ठेवलं: कुणाचं, कुणाच्या नावावर, हे कोणी सांगितलं. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते लिहिलं. 'का'च्या जागी माझं एकही वाक्य नव्हतं. दीडशे शब्दांचे चारशे झाले. सरांनी या वेळी कुठेही गोल केला नाही, फक्त विचारलं, "बाबा सोबत होते?"

पुढे २०१९ मध्ये प्रेस कौन्सिलने आत्महत्येच्या बातम्यांविषयी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. आत्महत्या हा अडचणींवरचा उपाय वाटेल अशी भाषा वापरू नका, असं त्यांत आहे. ते वाचताना मला तो लाल गोल आठवला, आणि अंगणात बसून बोटांवर क्विंटल मोजणारी ती बाईही.

आता मी डेस्कवर आहे, आलेल्या बातम्या तपासते. तालुक्यातून कॉपी येते आणि त्यात 'कंटाळून' असतंच. मी वार्ताहराला फोन लावते. पलीकडच्या माणसाचं पेट्रोल, त्याची आठची घाई, सगळं मला ठाऊक आहे, त्यामुळे आवाज चढवत नाही. दादा, हे कोणी सांगितलं, एवढंच विचारते. बहुतेक जण म्हणतात, ठाण्यातून. मग मी 'पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार' एवढंच ठेवते, घरच्या कुणाचा नंबर मिळतो का ते विचारते, आणि त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत कारण लिहीत नाही.