जुन्या लॅपटॉपचं विंडोज नव्या मशीनवर नेता येतं का?

लॅपटॉपची स्क्रीन गेली, बिजागऱ्या तुटल्या, दुरुस्तीचा आकडा ऐकून हात जोडले की पुढचा विचार येतो तो आतल्या विंडोजचा. त्याचे पैसे तर मशीन घेतानाच मोजलेत, मग तेच लायसन्स नव्या कॉम्प्युटरवर का वापरू नये? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच आहे. पण हे नाही कुठून येतं ते कळलं तर बराच खटाटोप वाचतो, आणि काही वेळा तर हा प्रश्नच चुकीच्या मशीनबद्दल विचारला जात होता असं लक्षात येतं.

मशीनसोबत आलेलं विंडोज म्हणजे ओईएम लायसन्स. करारात लिहिलेलं असतं की हे लायसन्स दुसऱ्याला देता येईल, पण त्या उपकरणासकटच. सोबत अस्सलपणाचा, म्हणजे लायसन्सचा स्टिकर आला असेल तर तोही द्यायचा. म्हणजे लायसन्स माणसाचं नसून डब्याचं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स मात्र दुसऱ्या मशीनवर नेता येतं, अट एवढीच की आधीच्या मशीनवरून ते काढून टाकायचं. असेंबल केलेल्या पीसीसाठी ‘सिस्टिम बिल्डर’ म्हणून जी पाकिटं विकली जातात तीही ओईएमच. हातात सुटं पाकीट आहे म्हणून ते रिटेल होत नाही.

आपल्याकडे नेमकं काय आहे हे आधी बघा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, उजवं क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘एसएलएमजीआर’, मग एक जागा, मग ‘/डीएलआय’ असं टाइप करा (इथल्या सगळ्या कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या). दोन-चार सेकंदांत एक छोटी चौकट येते. तिच्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत ‘चॅनल’ या शब्दाच्या आधी काय लिहिलंय ते वाचा. ‘ओईएम_डीएम’ असेल तर प्रॉडक्ट की (लायसन्सचा २५ अक्षरी कोड) फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवर कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ‘ओईएम_एसएलपी’ असेल तर ती कारखान्यात टाकलेली सामाईक की. ‘ओईएम_सीओए’ने सुरू होत असेल तर स्टिकरवरची. ‘व्हॉल्यूम’ दिसलं तर लायसन्स एखाद्या संस्थेचं आहे, ते तुम्ही कुठेच नेऊ शकत नाही.

‘रिटेल’ दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. त्याच चौकटीत खाली की ची शेवटची पाच अक्षरं असतात. ती ‘३व्ही६६टी’ असतील (प्रो) किंवा ‘८एचव्हीएक्स७’ असतील (होम), तर ती की तुमची नाहीच. त्या मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण की आहेत, जगभरच्या असंख्य मशीनवर त्याच दिसतात आणि त्यांनी स्वतःहून काहीही ॲक्टिव्हेट होत नाही. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकटात १० वर गेलेल्या मशीनवर हमखास हे दिसतं, आणि ओईएम मशीनवरसुद्धा कधी कधी. अशा ठिकाणी खरं काम डिजिटल लायसन्स करतं: मशीनच्या हार्डवेअरची एक खूण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवलेली असते आणि ती जुळली की विंडोज ॲक्टिव्हेट होतं. ओईएमवरून चढवलेलं लायसन्स चौकटीत रिटेल दिसलं, तरी त्याची जात ओईएमचीच राहते.

आता ती की असते कुठे? विंडोज ७ च्या मशीनमध्ये बायॉसमध्ये (म्हणजे त्याच फर्मवेअरमध्ये) एसएलआयसी नावाचं टेबल असायचं, विंडोजमध्ये उत्पादकाचं प्रमाणपत्र असायचं, आणि एका उत्पादकाच्या एका एडिशनच्या (होम, प्रो अशा आवृत्तीच्या) सगळ्या मशीनवर एकच की असायची. ही तिन्ही जुळली की इंटरनेटशिवायही विंडोज ॲक्टिव्हेट. म्हणून अशा मशीनवर की शोधून देणारं सॉफ्टवेअर चालवलं तर हाती येते ती ही सामाईक की, जिचा दुसरीकडे काडीचा उपयोग नाही. लॅपटॉपच्या बुडाला किंवा बॅटरीखाली चिकटवलेल्या स्टिकरवरची की वेगळी असते.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, पद्धत बदलली. प्रत्येक मशीनची वेगळी २५ अक्षरी की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, एमएसडीएम नावाच्या टेबलात लिहिलेली असते. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं तर ‘/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/टेबल्स’ या फोल्डरात एमएसडीएम नावाची फाइल दिसते. साधारण ८५ बाइटचं ते टेबल. त्यातले शेवटचे २९ बाइट म्हणजे २५ अक्षरं आणि मधल्या ४ आडव्या रेघा. विंडोजमध्येच बघायचं तर पॉवरशेलमध्ये ‘गेट-सिमइन्स्टन्स’ला ‘सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिस’ हा क्लास द्या आणि ‘ओए३एक्सओरिजिनलप्रॉडक्टकी’ ही प्रॉपर्टी मागा. उत्तर रिकामं आलं तर फर्मवेअरमध्ये की नाही.

ही की काढली आणि दुसऱ्या मशीनवर टाकली तर? बऱ्याचदा ती टाकताना स्वीकारली जाते आणि ॲक्टिव्हेशनच्या वेळी सर्व्हर नकार देतो. ‘सी००४सी००८’ने संपणारा एरर कोड आला तर ही की ठरल्यापेक्षा जास्त मशीनवर वापरली गेलीय असा त्याचा अर्थ. ‘सी००४सी००३’ म्हणजे की बंद केलेली आहे. ‘सी००४एफ२११’ म्हणजे हार्डवेअर बदललेलं दिसतंय. क्वचित सर्व्हर की मान्यही करतो, आणि मग ‘माझं तर चाललं’ असं सांगणारे भेटतात. चालणं आणि चालवायचा हक्क असणं या दोन गोष्टी आहेत. घरी कुणी तपासायला येत नाही, पण धंद्याच्या मशीनवर लायसन्सची तपासणी झाली तर ‘ॲक्टिव्हेटेड’ लिहिलेला स्क्रीनशॉट पुरत नाही.

जुन्या मशीनवर ‘एसएलएमजीआर /यूपीके’ चालवलं की लायसन्स ‘मोकळं’ होतं, हाही एक लाडका गैरसमज. त्या कमांडने फक्त त्या विंडोजमधली की पुसली जाते. सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो आणि फर्मवेअरमधल्या टेबलाला तर धक्काही लागत नाही. रिटेल लायसन्स हलवताना अट पाळण्यासाठी ती जरूर वापरा. ओईएमच्या बाबतीत तिने काही साधत नाही.

मुद्द्याचं आता. जुन्या मशीनमधून की उपसण्याआधी नव्या मशीनमध्ये काय आहे ते बघा. नवं म्हणून आणलेलं मशीन सेकंडहँड लॅपटॉप किंवा ब्रँडेड डेस्कटॉप असेल, तर त्याच्या फर्मवेअरमध्ये स्वतःची की असण्याची शक्यता भरपूर. आधीच्या मालकाने त्यावर लिनक्स टाकलेलं असो की डिस्कच काढून घेतलेली असो, की मदरबोर्डवर आहे. विंडोज १० किंवा ११ चा पेनड्राइव्ह लावून सेटअप चालवला की तो ती वाचतो, एडिशन न विचारता निवडतो आणि इंटरनेट मिळताच मशीन ॲक्टिव्हेट होतं. अपवाद एक: मशीन विंडोज ७ किंवा ८ च्या काळातलं असेल आणि त्यावर विंडोज १० कधीच ॲक्टिव्हेट झालेलं नसेल, तर ती जुनी की आता चालत नाही. फुकट अपग्रेडची मुदत २९ जुलै २०१६ लाच संपली होती. त्यानंतरही उघडी राहिलेली ती वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

बऱ्याच जणांना खरं तर लायसन्स हलवायचं नसतंच. आपली जुनी डिस्क, प्रोग्रॅमसकट, जशीच्या तशी नव्या मशीनमध्ये हवी असते. ते जमतं, फक्त क्रम चुकवू नका.

जुनं मशीन चालू असतानाच बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय) सुरू आहे का ते बघा. सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, किंवा एन्क्रिप्शनच बंद करून डिक्रिप्शन पुरतं होईपर्यंत थांबा. डिस्कचं कुलूप जुन्या मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेलं असतं. नव्या मशीनमध्ये ती डिस्क लावली की निळ्या पडद्यावर तो ४८ अंकी आकडा मागितला जातो, आणि तो नसेल तर डेटा गेला म्हणून समजा. मशीन आधीच मेलेलं असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये रिकव्हरी की साठवली गेलीय का ते तपासा.

मग बायॉसमधला स्टोरेज मोड, म्हणजे मशीन डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतं ते. जुनं मशीन एएचसीआयवर आणि नवं रेड किंवा व्हीएमडीवर असेल तर विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत कोसळतं. दोन्हीकडे सारखाच मोड ठेवणं हा सोपा उपाय. तो बदलावाच लागला तर आधी ‘बीसीडीएडिट’ या कमांडने सेफ मोड लावून घ्या, स्टोरेज मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये चालू करा आणि मग सेफ मोडची ती खूण काढून टाका.

विंडोज चालू झालं की ते ॲक्टिव्हेटेड नसल्याचं सांगेल. घाबरायचं कारण नाही. नव्या मशीनच्या फर्मवेअरमधली की वर सांगितल्याप्रमाणे वाचा, ‘एसएलएमजीआर /आयपीके’पुढे ती की लिहा, मग ‘एसएलएमजीआर /एटीओ’. इथे एडिशन आडवी येऊ शकते. डिस्कवर होम आणि मशीनमध्ये प्रोची की, तर सेटिंग्जमधून की बदलून वर चढता येतं. उलट असेल, म्हणजे डिस्कवर प्रो आणि मशीनला होमचं लायसन्स, तर की बदलून खाली उतरता येत नाही. विंडोज नव्याने टाकावं लागतं. जुन्या मशीनचं प्रो या नव्या मशीनला लागू होत नाही, मग डिस्क तीच का असेना.

मदरबोर्ड बदलला तर? रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड बदलल्याने लायसन्स जात नाही. मदरबोर्डचा हिशेब वेगळा. बिघडला म्हणून त्याच जातीचा बोर्ड बसवला तर ते तेच मशीन धरलं जातं. जास्त ताकदीचा हवा म्हणून बदलला तर मायक्रोसॉफ्टच्या लेखी नवं मशीन तयार झालं आणि जुनं ओईएम लायसन्स संपलं. अधिकृत दुरुस्तीत नव्या बोर्डावर की लिहून देण्याचं काम उत्पादकाच्या माणसाचं असतं, आणि ते राहून गेलं तर ‘सी००४एफ२१३’ हा कोड येतो: या उपकरणात की सापडली नाही. मशीन ताब्यात घेतानाच ‘/डीएलआय’ चालवून बघा, नंतर फेऱ्या मारत बसावं लागतं. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमधल्या ‘मी अलीकडे हार्डवेअर बदललं’ या पर्यायाचा उपयोग डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला आधीच जोडलेलं असेल तरच, तेही एडिशन तीच असेल तर. ओईएम लायसन्स दुसऱ्याच मशीनवर ओढून नेण्यासाठी तो नाही.

ज्यांना लिनक्स वापरायचंय पण एखाद्या प्रोग्रॅमपुरतं विंडोज लागतं, त्यांच्यासाठी एक वाट आहे. करार एका उपकरणावर एकच प्रत म्हणतो, मग ती थेट बसवलेली असो की व्हर्च्युअल. त्याच लॅपटॉपवर मूळ सिस्टिम लिनक्स करून विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने तयार केलेल्या नकली कॉम्प्युटरमध्ये) ठेवता येतं. असं मशीन चालवणाऱ्या क्यूएमयू या प्रोग्रॅमला ‘-एसीपीआयटेबल’ या पर्यायातून एमएसडीएमची फाइल दिली की आतल्या विंडोजला की दिसते. जुन्या लॅपटॉपची एमएसडीएम फाइल कॉपी करून दुसऱ्या मशीनवर हाच प्रयोग केला, तर ती पळवाटच.

युरोपातला कायदा मात्र वेगळा आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० साली ओईएम प्रती हार्डवेअरपासून सुट्या विकायला मोकळीक दिली, आणि ३ जुलै २०१२ ला युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात वापरलेली सॉफ्टवेअर लायसन्स पुन्हा विकता येतात असा निकाल दिला. मात्र पहिल्या मालकाने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे. कवडीमोल किमतीत की विकणारे या निकालाचा दाखला देतात. पण नुसती ईमेलने आलेली २५ अक्षरं म्हणजे लायसन्स नव्हे. मूळ कुणाचं होतं आणि तिथून ते काढलं का, याचा कागद सोबत हवा.

आणि जुनं मशीन? त्याचं लायसन्स त्याच्याजवळच राहू द्या. विकायचं किंवा कुणाला द्यायचं असेल तर डेटा पुसून ‘रिसेट धिस पीसी’ करा आणि आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या यादीतून ते उपकरण काढून टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण मशीन टीपीएम २.० वगैरे अटींत बसत असेल तर त्याच्याच लायसन्सवर ११ चढवून देता येतं. बुडाचा स्टिकर खरवडून काढू नका. घेणाऱ्याला लायसन्ससोबत तोही द्यावा लागतो.