पीळ

पार्सलची दोरी सोडवत बसलो होतो. नायलॉनची. गाठ सुटेना, दातांनी तुटेना, कात्री नेहमीप्रमाणे गायब. वैतागून मागच्या दारी गेलो, तर केळीचं वाळकं सोपट पायात आलं आणि पार्सल राहिलं बाजूला.

सोपट उभं फाडलं की हव्या तेवढ्या बारीक पट्ट्या निघतात. पण कोरड्या पट्टीला पीळ द्यायला जावं तर ती मोडते. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की वठणीवर येते. किती वेळ ठेवायची? लहानपणी आप्पांना, म्हणजे आजोबांना, हे मी शंभरदा विचारलं असेल. "ती सांगेल," एवढंच उत्तर. आप्पा टाळताहेत, असं वाटायचं.

ते मांडीवर दोरी वळत. तळव्याने दोन्ही पेड पुढे लोटायचे आणि हात मागे आणताना ते एकमेकांभोवती उलटे वळून घ्यायचे. त्यापायी त्यांच्या उजव्या मांडीवर एक गुळगुळीत पट्टा झाला होता, औषधालासुद्धा केस नाही. आम्हा पोरांना त्या पट्ट्याचं कोण कौतुक! तोंड मात्र अखंड चालू. मध्येच खाली न बघता म्हणत, "डावा बारीक झाला," आणि त्यात नवा तंतू सारत. पेड सारख्या जाडीचे हवेत, नाहीतर बारीक पेड जाड्याला नुसते वेढे घालत बसतो आणि ओझं एकट्या जाड्यावर. भावाभावांतही असंच होतं, हे मी म्हणतोय; आप्पा फक्त दोरीबद्दल बोलत.

यातली खुबी मला फार उशिरा कळली. प्रत्येक पेडाचा पीळ सुटायला बघतो, पण सुटता सुटता शेजारच्यालाच आवळतो. फ्रान्समध्ये आब्री दु मारास इथं एका दगडी पात्याला चिकटलेला, जेमतेम ६ मिलिमीटर लांबीचा दोरीचा तुकडा सापडला. २०२० साली ती बातमी आली. तीन पेड एका दिशेने पिळलेले, मग तिन्ही मिळून उलट. वळणारा निअँडरथल आदिमानव, ४० हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. त्याच्याही मांडीवर पट्टा असेल काय?

असं सोपट वळत बसण्याला हल्ली निसर्गाशी नातं जोडणं म्हणतात. मला ते तोंड सरळ ठेवून म्हणवत नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि हातांना ओल्या सोपटाचा कुबट वास. एवढं खरं, की तासभर घड्याळ बघितलं नाही. घाई केली की पेड सैल पडतो, मग उकलून पुन्हा तिथूनच सुरुवात.

हातभर दोरी झाली. ऐटीत ओढून पाहिली, तर मधोमध तुटली. दोन्ही पेडांचे सांधे मी एकाच जागी घेतले होते.

दुसरं सोपट भिजत घातलंय. पार्सल अजून तसंच आहे.