दोन जावांचं एकमत

"ताई, ब्रेक मारला तरी मागचं लाल लाइट पेटंना तुमचं."

हेळवाकच्या चहावाल्याने हे सांगितलं तेव्हा मी कुंभार्ली घाट चढून आले होते. धुकं होतं आणि अख्खा घाट मागे एक टँकर चिकटून होता. चहा घशाखाली उतरेना.

कारण हा आजार दुसऱ्यांदा उलटला होता. तीन आठवड्यांपूर्वी असंच झालं, इंजिनाचा पिवळा दिवाही लागला. चिपळुणातल्या गॅरेजवाल्याने गाडीला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पी ०५०४ असा कोड आला. "ब्रेक स्विच गेला मॅडम," म्हणून त्याने नवा बसवला. स्विचचे ८५०, मजुरी वेगळी. दिवे लागले, मी खूश.

हेळवाकला फ्यूजबॉक्सच्या झाकणातला जादा १० अँपिअरचा फ्यूज काढला आणि उडालेल्याच्या जागी लावला. चहावाल्याने मागून ओरडून सांगितलं, "पेटलं!" कराडला आईकडे पोचले, डिकीतून नारळ, कोकम, सुकी मासळी उतरवली. परतीला निघताना आईच्या पांढऱ्या कंपाउंडला गाडीची पाठ लावून ब्रेक दाबला. भिंत पांढरीच. मग आणखी एक फ्यूज टाकून, वाटेत दोनदा थांबून काचांमध्ये बघत बघत घरी आले.

रात्री गॅरेजचं जुनं बिल काढलं. शेवटची ओळ होती, फ्यूज, १० रुपये. म्हणजे तेव्हाही फ्यूज उडालाच होता! त्याने स्विच आणि फ्यूज एकदमच बदलले. गुण फ्यूजचा, श्रेय स्विचला. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये आहे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर निष्कर्ष काढू नका, हे पोरांना वर्षभर सांगते आणि स्वतःच्या गाडीचं बिल न वाचता पैसे देते.

पण स्कॅनर खोटं बोलत नव्हता. ब्रेक पेडलच्या वरच्या त्या बोटभर स्विचमध्ये दोन जोड असतात. पेडल सोडलेलं असताना एक उघडा, दुसरा बंद. पेडल दाबलं की उलट. पहिला जोड मागचे दिवे लावतो, दुसरा फक्त ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. या दोन जावा आहेत असं समजा. एक हो म्हणाली की दुसरीने नाही म्हणायलाच हवं. फ्यूज उडाला की पहिल्या जोडाला करंटच मिळत नाही, ती कायमची गप्प. पेडल दाबलं की दुसरीही गप्प होते. दोघींचं एकमत झालेलं बघितलं की ईसीयूला संशय येतो आणि पी ०५०४ लागतो. स्विच बिघडला असं तो कोड म्हणतच नाही. दोन्ही निरोपांचा मेळ बसत नाही, एवढंच म्हणतो.

गॅरेजातला काढलेला स्विच मागून आणला होता. मल्टिमीटर लावला. दोन्ही जोड शहाण्यासारखे वाजले. ठणठणीत स्विच काढून ठणठणीत स्विच बसवला होता.

मग फ्यूज का उडतोय? शेजारच्या मुलाने सुचवलं, "मावशी, वीसचा टाका ना." त्याला घरी पाठवला. वीसचा टाकला असता तर फ्यूजऐवजी वायर तापली असती.

रविवारी सकाळी हेडलाइटचा एक जुना बल्ब शोधला. त्याची अपरची तार गेलेली, डिपरची ५५ वॅटची शाबूत. त्याला दोन वायरी जोडून फ्यूजच्या जागी लावला. यात गंमत अशी की सर्किट ठीक असेल तर हा बल्ब आणि मागचे बल्ब व्होल्टेज वाटून घेतात, सगळेच मंद तांबडे लागतात. कुठे शॉर्ट असेल तर मागचे विझतात आणि हा एकटा लख्ख पेटतो. करंट साडेचार अँपिअरच्या आसपासच राहतो, त्यामुळे काही जळत नाही आणि फ्यूजही खर्ची पडत नाहीत. सीट आणि पेडल यांच्यामध्ये बाबांची जुनी लांब छत्री अडकवली. बल्ब मंद. पेडलजवळच्या वायरी हलवल्या, मंदच. मागच्या दिव्यांचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग हलवले, मंदच.

डिकी उघडली, काही नाही. बंद करायला झाकण अर्ध्यावर आणलं आणि पुढे डॅशबोर्डखाली भपकन उजेड झाला.

तिसरा ब्रेक लाइट माझ्या गाडीत डिकीच्या झाकणावर आहे. त्याची वायर बिजागरीपाशी घड्यांच्या रबरी नळीतून जाते आणि झाकणाबरोबर दर वेळी दुमडते. नळी मागे सरकवली. वायरचं आवरण नखाएवढं फाटलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं, आणि नेमकं तिथेच पत्र्याच्या कडेला घासलेलं. एरवी माझी पिशवी मागच्या सीटवर असते. डिकी उघडते ती कराडच्या शनिवारी. घरून निघताना नारळ भरून डिकी लावली की तांबं पत्र्याला टेकतं, ब्रेक दाबला की फ्यूज जातो, पुढचा सगळा घाट मी बिनदिव्याची.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. दुमडणारा तुकडाच कापून टाकला, तेवढ्याच जाडीची नवी वायर थोडी सैल सोडून घातली. जोड मुद्दाम नळीच्या बाहेर घेतले, एक बॉडीत, एक झाकणात. दुमडणाऱ्या जागी सोल्डर केलं तर ते कडक होऊन शेजारीच पुन्हा तुटतं. वर हीट श्रिंक स्लीव्ह, गरम केली की आवळून बसणारी नळी. चिकटपट्टी नाही, आमच्याकडच्या उन्हात तिचा गोंद सुटून नुसता चिकटा उरतो. खर्च साठ रुपये. डिकी वीस वेळा उघड-बंद केली, बल्ब मंदच राहिला. मग त्याच्या जागी दहाचा फ्यूज लावला आणि कोड पुसला.

सोमवारी गॅरेजवाल्याला सगळं सांगितलं, थोडं चढ्या आवाजातच. त्याने मान खाली घालून ऐकलं. मजुरी परत देतो म्हणाला, ती मी घेतली.

निघताना मागून हाक आली. "मॅडम, तो वायरी लावलेला बल्ब बघायला मिळेल का एकदा?"

गाडीतच होता. देऊन आले.